फक्त ब्रिटनमध्ये पिकलेलं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहून शक्यतो इथेच पिकलेलं खायचं असं ठरवलेली काही मराठी घरं आहेत, आणि ठरवावं की नाही या विचारात असलेली त्याहून जास्त. दोघांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग किचकट. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "फक्त ब्रिटिश" म्हणजे नेमकं काय? आणि "स्थानिक" त्याहून वेगळं का?

मोठी हद्द देशाची: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या जमिनीत उगवलेलं, इथे वाढलेल्या जनावराचं किंवा इथल्या समुद्रातलं. (या हद्दीलाही फटी आहेत, त्या प्रश्न १५ मध्ये.) लहान हद्द तुमच्या गावाभोवतीची, आणि तिची कायद्यात व्याख्या नाही. शेतकरी बाजार आपापली ठरवतात. बऱ्याच ठिकाणी तीस मैलांची अट असते. लंडनला तेवढ्यात पुरेशी शेतं मिळणार नाहीत, म्हणून तिथल्या बाजारांनी शहराभोवतीच्या एम-२५ या महामार्गापासून शंभर मैल धरले आहेत.

आमचा सल्ला: भाजी, दूध, अंडी जवळची घ्या, धान्य, कडधान्य, साखर, मासे देशातले कुठलेही चालवून घ्या. सगळंच तीस मैलांत शोधायला गेलात तर केंटमध्ये सफरचंदांवर आणि लिंकनशरमध्ये कोबीवर दिवस काढावे लागतील. स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात २००७ साली काही लोकांनी वर्षभर तिथलंच खायचा प्रयोग केला, 'फाइफ डाएट' नावाने तो पुढे बराच पसरला. त्यांचंही ध्येय शंभर टक्क्यांचं नव्हतं, ऐंशीचं होतं.

सुरू करण्याआधी सवलतींची यादी कागदावर लिहा आणि फ्रिजला लावा. मराठी घरात ती साधारण अशी होते: तांदूळ, हळद, हिंग, जिरं, चहा, नारळ. यादी आधी केली की ती तेवढीच राहते. भुकेच्या वेळी दुकानात उभं राहून केलेली यादी दर आठवड्याला लांबत जाते.

२. हे करायचं कशासाठी? कार्बन कमी होतो म्हणून ना?

कार्बन हे यातलं सगळ्यात लंगडं कारण आहे. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांत लहान असतो. जहाजाने आलेली डाळ इथल्या गोमांसापेक्षा कितीतरी हलकी. अपवाद विमानाने येणाऱ्या मालाचा: केनियातून येणाऱ्या कोवळ्या शेंगा, पेरूहून येणारं अ‍ॅस्परॅगस. तेवढं सोडलंत तरी बरंच साधतं. हरितगृहातल्या टोमॅटोंचा हिशेब तर उलटाही जातो, तो प्रश्न १० मध्ये.

मग करायचं का? एक तर ऋतू कळतो, आणि ज्याने पिकवलं त्याच्यापर्यंत पोहोचता येतं. दुसरं म्हणजे या देशाला पोटासाठी समुद्रापार बघण्याची जुनी सवय आहे. १८४६ मध्ये धान्यावरचे आयातकर उठले, पुढे अमेरिकेचा गहू आणि न्यूझीलंडचं मटण येत राहिलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर निम्म्याहून कितीतरी जास्त अन्न जहाजाने येत होतं. जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेलं रेशनिंग जुलै १९५४ मध्ये संपलं, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं चाललं. इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांशी अलॉटमेंटवर (भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यावर) गप्पा मारल्यात तर ती वर्षं अजून त्यांच्या बोलण्यात सापडतात.

३. इथे पोटापुरतं पिकतं तरी का?

किमतीच्या हिशेबाने देशात खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी साधारण साठ टक्के इथे पिकतं. १९८० च्या दशकात हा आकडा पंचाहत्तरच्या वर गेला होता. पण हा सरासरीचा आकडा फसवा आहे. दूध, अंडी, गहू, जव, ओट्स, कोकराचं मांस, गाजरं यांत फारशी अडचण नाही. भाज्या निम्म्याच्या आसपास. फळं जेमतेम सहावा हिस्सा, कारण केळी आणि संत्री इथली असणं शक्यच नाही. फळाशिवाय ज्यांचा दिवस जात नाही, त्यांना हा नेम सगळ्यात जड जातो.

४. पाकिटावर ब्रिटिश झेंडा आहे, म्हणजे माल इथलाच ना?

इथेच सगळे अडकतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

ताजी फळं-भाज्या, गाय, डुक्कर, मेंढी, बकरी आणि कोंबडी यांचं ताजं मांस, मासे, मध आणि ऑलिव्ह तेल यांवर मूळ देश लिहिणं बंधनकारक आहे. म्हणजे सुट्या भाजीच्या खोक्यावरची छोटी चिठ्ठी वाचलीत की काम झालं. खरा घोळ तयार पदार्थांत. "यूकेमध्ये पॅक केलं" किंवा "यूकेमध्ये तयार केलं" याचा अर्थ एवढाच की शेवटचं काम इथे झालं. बेकनच्या पाकिटावर पुढे झेंडा आणि मागे बारीक अक्षरांत "युरोपीय संघातल्या डुकराच्या मांसापासून यूकेमध्ये तयार" असं सर्रास असतं. ही मागची ओळ तरी लिहावी लागते ती एप्रिल २०२० पासूनच्या नियमामुळे: पदार्थ एका देशाचा म्हणून मिरवला आणि मुख्य घटक दुसरीकडचा असला, तर तसं सांगावं लागतं. तेव्हा पाकीट नेहमी उलटं करून वाचा.

भरवशाच्या खुणा थोड्या आहेत. 'रेड ट्रॅक्टर' ही झेंडा असलेली खूण २००० सालापासून आहे. तिचा माल इथल्या शेतातून आलेला असतो. अंड्यांवर लाल सिंहाचा शिक्का बघा. शिवाय प्रत्येक अंड्यावर एक कोड असतो: पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचं, २ म्हणजे शेडमधलं, ३ म्हणजे पिंजऱ्यातलं, त्यापुढे 'यूके' आणि शेताचा क्रमांक. एवढी स्पष्ट कुळकथा दुसऱ्या कुठल्याही पदार्थावर नसते.

शेताच्या नावावर विसंबू नका. २०१६ मध्ये टेस्को या सुपरमार्केटने भाज्या-मांसाच्या स्वस्त मालाला रोझडीन फार्म्स, विलो फार्म्स अशी छान गावाकडची नावं दिली. ती शेतं अस्तित्वात नव्हती आणि त्या नावांखाली परदेशी मालही येत होता. बेकायदा काही नाही, पण चिठ्ठी वाचायची सवय असलेली बरी.

"पारंपरिक" ठशाचंही तेच. कॉर्निश पेस्टी (मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी) २०११ पासून संरक्षित नाव आहे. ती कॉर्नवॉलमध्येच भरून तयार व्हावी लागते, पण आतला बटाटा आणि मांस कॉर्नवॉलचंच असावं अशी अट नाही.

५. मग वरणभाताचं काय?

भात सवलतीत टाका. २०२५ च्या उन्हाळ्यात केंब्रिजशरमध्ये ईलीजवळच्या फेन्सच्या पाणथळ जमिनीत भाताची चाचणी झाली आणि पीक हाती लागलं. पण ते प्रयोगाचं, दुकानात यायचं नाही. ज्यांना सवलत घ्यायचीच नाही ते कुकरमध्ये पर्ल बार्ली लावतात. आठवड्यातून एकदा बरी लागते. रोज वाढलीत तर घरात बंड होतं.

वरणाचं मात्र छान जमतं, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. सफकमधली हॉडमेडॉड्स ही कंपनी इथल्या शेतकऱ्यांकडून कडधान्यं घेऊन विकते. त्यांची पिवळ्या मटारची डाळ शिजायला हरभऱ्याच्या डाळीपेक्षा सोपी आणि हळद-हिंगासोबत वरणाला अगदी चालते. इथली मसूरही मिळते, हरभरे कधीमधी आणि थोडे. वाळवलेले बाकल्याचे दाणे, म्हणजे फावा बीन्स, या देशात भरपूर पिकतात आणि गंमत म्हणजे त्यांतले पुष्कळसे इजिप्तला जातात. तिथल्या न्याहारीतल्या फूल मेदामेसमध्ये इंग्लिश दाणा असतो. सोललेल्या फावाची आमटी दाट आणि किंचित कडवट होते, चिंचेऐवजी आंबट सफरचंद घातलंत तर कडवटपणा मोडतो. एक इशारा: ज्यांना जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी फावा खाऊ नये.

उसळीसाठी कार्लिन मटार घ्या. तपकिरी, लहान, कडक. उत्तर इंग्लंडात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत खायची त्यांची जुनी चाल आहे आणि लँकशरमध्ये व्हिनेगर शिंपडून विकतात. रात्रभर भिजवून मोड आणले की गोडा मसाला घालून जी उसळ होते, ती आमच्या मते या नेमातली सगळ्यात मोठी कमाई आहे.

डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये मात्र फसू नका. इतका इंग्लिश पदार्थ, पण आतला पांढरा दाणा बहुतेक वेळा उत्तर अमेरिकेतून येतो. वॉरिक विद्यापीठाने इथल्या थंडीत पिकतील असे 'कॅप्युलेट'सारखे वाण तयार केले आहेत, त्यामुळे हे हळूहळू बदलेल.

६. पोळी आणि भाकरी?

गहू इथे भरपूर. इथल्या गिरण्यांत दळला जाणारा बहुतेक गहू देशातलाच असतो. पावासाठी जोर यावा म्हणून कॅनडा-जर्मनीचा चिवट गहू त्यात मिसळतात. पोळीला तेवढा चिवटपणा लागतच नाही. अडचण वेगळी आहे: चपातीच्या पिठाच्या मोठ्या पोत्यावर दळलं कुठे ते असतं, गहू कुठला ते बहुधा नसतं. म्हणून दगडी जात्याच्या छोट्या गिरण्या बघा. नॉर्थम्बरलंडमधले गिलचेस्टर्स स्वतःच्या शेतातला गहू दळतात. असं पीठ थोडं भरड असतं. चाळून घ्या, नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवा, पोळी मऊ होते.

ज्वारी-बाजरी विसरा. भाकरीची हौस असेल तर ऑर्कनीच्या 'बेअर'ची चौकशी करा. हा जवाचा फार जुना वाण, बर्से गावातल्या बॅरोनी मिल या पाणचक्कीवर दळतात. तिकडे त्याचे तव्यावर भाजलेले जाड बॅनॉक करतात. थापून केलंत तर चव मातकट, खमंग, आणि पिठल्याबरोबर झकास. (पिठलं अर्थात पिवळ्या मटारच्या पिठाचं.) स्टॅफर्डशरचे ओटकेक तर सरळ ओट्सच्या पिठाचं धिरडंच आहे.

७. फोडणीशिवाय जेवण कसं होणार?

फोडणी अर्धी इथली होते. मोहरी केंब्रिजशर आणि नॉर्फककडे पिकते, धने इथले मिळतात, लसूण आइल ऑफ वाइटवरचा प्रसिद्ध आहे, मिरच्या बेडफर्डशर आणि डॉर्सेटच्या हरितगृहांत होतात. उन्हाळ्याच्या शेवटी किलोभर मिरच्या घेऊन ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवल्या की वर्षाचं तिखट झालं. मीठ एसेक्सच्या माल्डनचं किंवा वेल्सच्या अँगलसी बेटाचं. स्वस्त हवं असेल तर चेशरचं. जिरं, हळद, हिंग यांना पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

तेल म्हणजे रेपसीड. मोहरीच्याच कुळातलं, मे महिन्यात ज्याची पिवळीधमक शेतं गाडीतून दिसतात तेच. घाण्यावर काढलेलं घेतलंत तर बाटलीवर बहुधा शेताचं नावच असतं. सुपरमार्केटमधलं साधं "व्हेजिटेबल ऑइल" रेपसीडचं असलं तरी इथलंच असेल असं नाही. २०१३ नंतर काही कीटकनाशकांवर बंदी आली, पिसू भुंगेऱ्याने पीक खायला सुरुवात केली आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी रेपसीड सोडलं.

जवसही इथे होतो, निळ्या फुलांचा. इथला जवस, इथला लसूण, घरी वाळवलेली मिरची आणि माल्डनचं मीठ: जवसाची चटणी शंभर टक्के ब्रिटिश. शेंगदाण्याची आठवण थोडी कमी होते.

८. चहा-साखर तरी सोडावी लागेल का?

साखर मुळीच नाही. पूर्व इंग्लंडात शर्कराकंद, म्हणजे शुगर बीट, मोठ्या प्रमाणावर लावतात. बरी सेंट एडमंड्स, कँटली, न्यूअर्क आणि विसिंग्टन इथे त्याचे कारखाने आहेत. सिल्व्हर स्पूनची पांढरी साखर या बीटची. टेट अँड लाइलची मात्र उसाची, कच्ची साखर बाहेरून येते आणि लंडनमध्ये शुद्ध होते. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवलेली असतात. गुळाला इथे पर्याय नाही. मध वापरा, पण "युरोपबाहेरच्या मधांचं मिश्रण" लिहिलेली बाटली परत ठेवा. यॉर्कशर आणि स्कॉटलंडच्या माळावरचा हेदर मध काळपट आणि थोडा कडसर असतो, पुरणपोळीत तो गुळाच्या सगळ्यात जवळ जातो.

चहा कॉर्नवॉलमध्ये ट्रेगोथनन इस्टेटवर पिकतो, २००५ पासून विकला जातो, आणि रोज प्यायचा तर पगार पुरणार नाही. त्यांच्या काही डब्यांत कॉर्नवॉलच्या पानाबरोबर आसामचंही पान मिसळलेलं असतं, तेही वाचून घ्या. स्कॉटलंडमध्ये पिकवल्याचं सांगून बाहेरचा चहा विकणाऱ्या एकाला २०२५ मध्ये फसवणुकीबद्दल तुरुंगवासही झाला. चहा सवलतीत टाका.

९. हिवाळ्यात खायचं काय?

हिवाळा कठीण नाही. केल, कोबी, स्प्राउट्स, लीक, पार्सनिप, स्वीड, बीट सगळं असतं. गाजरं शेतातच पेंढ्याखाली झाकून ठेवतात आणि लागतील तशी काढतात. कांदे, बटाटे, सफरचंदं गोदामात. कॉर्नवॉलचा फ्लॉवर ऐन थंडीत येतो. जानेवारीपासून यॉर्कशरमध्ये वेकफील्डच्या आसपास अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेला आणि मेणबत्तीच्या उजेडात खुडलेला गुलाबी रुबार्ब (आंबट देठ) येतो. त्याचं आंबटगोड लोणचं फार सुरेख होतं.

खरी तंगी एप्रिल-मेमध्ये. बाहेर फुलं, ऊन, आणि शेतात काही नाही. हिवाळी भाज्यांना फुलोरा येऊन त्या संपलेल्या, नव्या यायला अजून वेळ, गोदामातले कांदे मऊ पडू लागलेले. इंग्लिश माळी याला 'हंग्री गॅप' म्हणतात. तेव्हा जांभळी ब्रोकोली शेवटपर्यंत पुरवा, २३ एप्रिलच्या सेंट जॉर्ज दिनापासून २१ जूनपर्यंत अ‍ॅस्परॅगस खा, जानेवारीत फ्रीझरमध्ये जागा असतानाच काही भाज्या उकडून ठेवा. आणि नेमक्या याच आठवड्यांत वेंबली आणि लेस्टरच्या दुकानांत हापूसच्या पेट्या येतात. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या फ्रिजवरच्या यादीत हापूस आहे.

१०. जानेवारीत इथला टोमॅटो मिळतो. तो चालेल ना?

नेमाप्रमाणे चालेल. केंटमधल्या थॅनेट अर्थसारखी प्रचंड हरितगृहं आहेत आणि काहींत दिव्यांच्या उजेडात हिवाळाभर टोमॅटो होतो. पण गॅस जाळून तापवलेल्या काचघरातला टोमॅटो स्पेनच्या उन्हात पिकून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा हवेला जड पडू शकतो. काही ठिकाणी कारखान्यांची किंवा सांडपाणी केंद्रांची वाया जाणारी उष्णता वापरतात, ते बरं. विसिंग्टनच्या साखर कारखान्याशेजारी अशाच उष्णतेवर टोमॅटो व्हायचे. २०१७ पासून त्या काचघरात औषधासाठी गांजा लावला गेला, त्यात पैसा जास्त.

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेन-मोरोक्कोत थंडी पडली आणि सुपरमार्केटांनी माणशी टोमॅटो मोजून द्यायला सुरुवात केली, तेव्हा पर्यावरणमंत्र्यांनी संसदेत टर्निपचं, म्हणजे सलगमचं, नाव काढलं आणि देशभर थट्टा झाली. टर्निपची भाजी खोबऱ्याशिवाय फारशी बरी लागत नाही हे आम्ही नम्रपणे नोंदवतो. टोमॅटोसाठी सप्टेंबरमध्ये बाटल्या भरून ठेवणं हाच उपाय.

११. मेथी, कोथिंबीर, दुधी, भेंडी इथल्या मिळतील का?

दुकानात क्वचित, अलॉटमेंटवर सहज. मेथी मे ते ऑगस्ट कधीही पेरा, पाच-सहा आठवड्यांत जुडी होते. कोथिंबीर जूनच्या लांब दिवसांत लगेच फुलावर येते. ती एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरा. लाल माठ चांगल्या उन्हाळ्यात जमतो. दुधीला प्लास्टिकचं छप्पर लागतं. त्याऐवजी मॅरो (मोठी झुकिनी) घ्या, कोफ्त्यात कोणी ओळखत नाही. भेंडीचा नाद सोडा. मिडलँड्समधल्या अलॉटमेंटवर दक्षिण आशियाई आणि कॅरिबियन माळी काय काय पिकवतात त्याची माहिती आणि बियाणं जमवायला 'गार्डन ऑर्गॅनिक' या संस्थेने 'सोइंग न्यू सीड्स' नावाचा प्रकल्प चालवला होता. तुमच्या शेजारच्या वाफ्यावर गुजराती आजोबा असतील तर त्यांना विचारा, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा बरे.

आणि तण उपटून फेकण्याआधी नीट बघा. इथे ज्याला 'फॅट हेन' म्हणून शिव्या देतात ती चाकवत आहे. ताकातली चाकवत, इथल्याच ताकातली.

१२. दूध, तूप, पनीर, चीज यांत काही खाचखळगे?

ताजं दूध इथलंच असतं. लोणी बघून घ्या: लुरपाक डेन्मार्कचं, केरीगोल्ड आयर्लंडचं, अँकर एकेकाळी न्यूझीलंडचं होतं, २०१२ पासून इथल्या सायीचं. तूप आणि पनीर घरी करा. चेडर हे नाव इंग्लिश गावाचं असलं तरी पुष्कळ चेडर आयर्लंडहून येतं. अंड्यांचं प्रश्न ४ मध्ये आलंच.

१३. मासे तर इथल्याच समुद्रातले असतील?

उलट आहे. ब्रिटन जे पकडतो त्यातलं बरंच विकून टाकतो आणि जे खातो त्यातलं बरंच विकत घेतो. चिप्सबरोबरचा कॉड बहुधा आइसलँड किंवा नॉर्वेकडचा, कोळंबी आशियातली. आणि स्कॉटलंडची लँगूस्टीन, खेकडे, शेवंडं गाडी भरून फ्रान्स-स्पेनला जातात.

कोकणी-मालवणी जिभेला हे फायद्याचं आहे, कारण इंग्रजांना नको असलेले मासे आपल्याला हवेत. कॉर्नवॉलचे सार्डीन, ज्यांना पूर्वी पिलचर्ड म्हणत आणि कोणी विचारत नसे, ते तारलीसारखेच वापरा. हेरिंग स्वस्त आणि काटेरी, तळायला उत्तम. शेटलंडचे दोरीवर वाढवलेले शिणाणे वर्षाचा बराच काळ मिळतात. पूल बंदरात मिळणाऱ्या मनिला क्लॅम्स म्हणजे तिसऱ्याच. त्या १९८० च्या दशकात तिथे आणून सोडलेल्या, आता तिथल्याच झाल्या. वेल्सच्या गॉवर किनाऱ्यावरचे आणि एसेक्सच्या ली-ऑन-सीचे कॉकल्सही सुक्याला चालतात. नारळाची सवलत इथे कामी येते.

बांगड्याबद्दल मात्र हात आखडता घ्या. मॅकरेल म्हणजे बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ, पण ईशान्य अटलांटिकमधल्या त्याच्या मासेमारीचं शाश्वततेचं प्रमाणपत्र २०१९ मध्ये निलंबित झालं, कारण सगळे देश मिळून शास्त्रज्ञ सांगतात त्यापेक्षा जास्त पकडतात. पापलेट-सुरमई अर्थातच नाहीत.

१४. इथली कोंबडी खाल्ली, पण तिचा दाणा ब्राझीलचा असेल तर?

असतोच. कोंबडी आणि डुकराच्या खाद्यातला सोया बहुतेक दक्षिण अमेरिकेतून येतो, आणि स्कॉटिश सॅमनच्या खाद्यातही बाहेरचं बरंच असतं. मांसाबाबत काटेकोर राहायचं असेल तर गवतावर वाढलेलं घ्या. 'पाश्चर फॉर लाइफ' ही खूण केवळ चाऱ्यावर वाढलेल्या जनावरांना मिळते. कोकरू ईस्टरला मागू नका, तेव्हा दुकानात न्यूझीलंडचं असतं. इथलं उन्हाळ्यापासून पुढे मुबलक. बकऱ्याचं मटण हवं असेल तर दुधासाठी शेळ्या पाळणाऱ्या शेतांकडे चौकशी करा. तिथल्या बोकडांना फारसा कोणी वाली नसतो, आणि मटण कोवळं असतं.

पण हा धागा ओढत गेलात तर संपत नाही. इंग्लिश स्ट्रॉबेरी आता बहुतेक वेळा जमिनीत नाही, मेजावरच्या पिशव्यांत वाढते. पिशवीतला काथ्याचा भुसा श्रीलंका किंवा भारतातल्या नारळाचा. ती खुडणारे मजूर हंगामी व्हिसावर किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तानातून आलेले. आम्ही रेघ अशी ओढतो: जे तोंडात जातं ते इथे वाढलेलं असावं. त्याच्या मागे काय लागलं हे माहीत असावं, पण त्यासाठी स्ट्रॉबेरी सोडत नाही.

१५. जर्सीचे बटाटे ब्रिटिश धरायचे का? आणि उत्तर आयर्लंड?

जर्सी बेट युनायटेड किंगडमचा भाग नाही, राजसत्तेच्या अखत्यारीतला स्वतंत्र प्रदेश आहे. गर्न्सी आणि आइल ऑफ मॅनचंही तसंच. कडक नेमात जर्सी रॉयल बसत नाही. वसंतात येणारे ते नवे बटाटे इतके चांगले असतात की बहुतेक लोक इथे भूगोल विसरतात. वाद नको असेल तर पेम्ब्रोकशरचे घ्या.

उत्तर आयर्लंड यूकेमध्ये आहे, पण ग्रेट ब्रिटनमध्ये नाही. तिथलं दूध आणि मेंढ्या प्रक्रियेसाठी सीमेपलीकडे आयर्लंडमध्ये जातात. चीजवर "ब्रिटिश आणि आयरिश दूध" असं लिहिलेलं दिसलं तर त्याचं मूळ बहुधा इथे आहे. आम्ही ते सोडून देतो, पण त्यात तत्त्व वगैरे काही नाही. सॉमरसेटचं चीज हाताशी असतं एवढंच.

१६. रस्त्याकडेची ब्लॅकबेरी, जंगली लसूण तोडला तर चोरी होते का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीच्या कायद्यानुसार रानात उगवलेली फळं, फुलं, पानं, अळंबी घरी खाण्यासाठी तोडणं चोरी धरत नाहीत. विकण्यासाठी तोडलीत तर धरतात. मात्र जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रोप मुळासकट उपटणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जंगली लसूण मार्च ते मे असतो, म्हणजे तंगीच्या दिवसांत (प्रश्न ९), आणि त्याचं थालीपीठ फर्मास होतं. पण त्याच्याच शेजारी लॉर्ड्स-अँड-लेडीज आणि लिली-ऑफ-द-व्हॅली ही विषारी रोपं उगवतात. मूठभर न ओरबाडता एकेक पान चुरगाळून वास घ्या. अळंबी मात्र जाणकार बरोबर असल्याशिवाय नको.

१७. गणपती, उपास, दिवाळी यांचं काय?

उकडीचे मोदक सवलतीत. तळणीचे मात्र पूर्ण इथले करता येतात: इथल्या गव्हाची पारी, आत केंटचे कॉबनट. हे ताजे, हिरव्या सालीचे हेझलनट ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर मिळतात, म्हणजे बरोबर गणपतीत. ओले असताना किसले तर पोत खोबऱ्याच्या जवळ जातो.

उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, वरई काही नाही. बटाटा, दूध, ताक, फळं राहतात. आषाढी एकादशी ऐन स्ट्रॉबेरी-रासबेरीच्या दिवसांत येते, त्यामुळे खरं तर चंगळच. संक्रांतीला तिळाला पर्याय शोधू नका. दिवाळीत शंकरपाळे आणि मटारपिठाची शेव जमते. पोह्याच्या चिवड्यासाठी यादीत एक ओळ वाढवा.

१८. खर्च वाढतो का? आणि एवढं सगळं मिळतं कुठे?

कडधान्य, पीठ, तेल महाग पडतं. ताज्या भाज्या हंगामात स्वस्त, तंगीत महाग. मांस कमी केलंत तर एकूण बिल साधारण तेवढंच राहतं. शेतकरी बाजार बाथमध्ये १९९७ साली सुरू झाला आणि मग सगळीकडे पसरला; शेवटच्या तासाला गेलात तर भाव उतरतो. घरी येणाऱ्या भाजीच्या खोक्यांत बाहेरचा मालही असतो, म्हणून मागताना "पूर्ण यूके" प्रकार निवडा, रिव्हरफर्ड या खोकी पोचवणाऱ्या कंपनीकडे तसा आहे. जून-जुलैत 'स्वतः तोडा' शेतांवर जाऊन फ्रीझर भरा. ब्लॅककरंटचं, म्हणजे काळ्या आंबट बेरीचं झाड दिसलं तर सोडू नका. देशातलं बहुतेक पीक रिबेना या सरबताच्या बाटलीत जातं, बाजारात फार थोडं येतं.

सुरुवात ऑगस्टअखेरीला करा. जानेवारीत संकल्प म्हणून सुरू करणारे एप्रिलपर्यंत टिकत नाहीत, त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये.

१९. आई भारतातून मसाला, लोणचं, तूप, पेढे घेऊन येते. ते मोडून फेकू का?

मसाला, लोणचं, पापड हे घरून आलेलं आहे. ते सवलतीच्या यादीत न लिहिताही चालतं, आणि आईला नेम समजावून सांगण्याच्या फंदात पडू नका. तूप आणि पेढे यांची गोष्ट वेगळी, तिथे नेमाआधी कायदा आडवा येतो. भारतातून सामानातून दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला इथे बंदी आहे, आणि विमानतळावर सापडलं तर काढून घेतात. बहुतेक ताज्या फळभाज्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. नारळ आणि केळी त्यातून सुटतात. तेव्हा आईला नारळ आणायला सांगा. तूप ती आल्यावर इथल्या लोण्याचं कढवून देईल.